हौसाक्कांनी कापलेली गाडी

हौसाक्का गाडी कापायच्या त्या नाना जागे असतानाच. अंगणात दगडी पायरीशी गाडी उभी असायची. डोळ्यांना चष्मा लावून आणि कमरेला पदर खोचून हौसाक्का तिच्या पत्र्यावर करवत चालवत असायच्या. मध्येच हात थांबवून त्या खिडकीकडे बघायच्या. आत खाटेवर नानांचा डोळा लागलेला दिसला की करवत पायरीवर ठेवायची, हात धुवायचे आणि कोथिंबीर निवडत बसायचं. आतून खोकल्याचा आवाज आला की लगेच उठायच्या. "उठले वाटतं. चला, लागू कामाला."

आमचं घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, त्यांच्याच गल्लीत, त्यांच्या समोर. माझ्या गॅलरीतून त्यांचं अंगण सगळं दिसायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून बाई थांबते. मी तसं म्हटलंसुद्धा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं दुकानदार खोट्या नाण्याकडे बघतो.

"झोपेत दिसतंय व्हय गं कुणाला, विजू? मग कापायची कशाला?"

नाना म्हणजे त्यांचे यजमान, बळवंतराव. कागलकडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. गल्लीत पहिली चारचाकी त्यांची. बदामी रंगाची, छोटी, चार माणसं गुडघे आवळून बसतील एवढी. ती आली त्या दिवशी हौसाक्कांनी तिला ओवाळलं, नारळ फोडला, आणि पुढचं दार उघडायला गेल्या तर नाना म्हणाले, "मागं बस. आन् पाय पुसून बस." त्या मागे बसल्या. पुढे कायमच मागे बसल्या, तेही सीटवर टॉवेल अंथरून. पुढच्या सीटवर नानांची पिशवी असायची.

रोज सकाळी नानांचा चहा होण्याआधी गाडी पुसायचं काम हौसाक्कांचं. मलमलचं फडकं, एक कोमट पाण्याची बादली आणि एक कोरडं फडकं. एकदा बोनेटवर बारीक ओरखडा निघाला. बांगडीचा आहे, असं नानांनी ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून बांगड्या काढून गाडी पुसायची. सवाष्णीनं रोज सकाळी हातातल्या हिरव्या बांगड्या काढून तुळशीकट्ट्यावर ठेवायच्या, गाडी पुसायची आणि मग परत भरायच्या. गल्लीतल्या बायका बघायच्या आणि तोंड फिरवायच्या. मी लग्न होऊन नवीनच आले होते. मला ते बघवेना. मी एकदा विचारलं, तर हौसाक्का म्हणाल्या, "रंग जातोय म्हणं." एवढंच. ते "म्हणं" त्या असं लांबवून म्हणाल्या, की मला पुढचं विचारायचं सुचलं नाही.

हे सगळं त्यांनी गिळलं असतं. माणसं गिळतात. पण शिरोळकडे पूर आला.

त्यांचं माहेर तिकडचं, कृष्णेकाठचं. भावाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. लहानपणी हौसाक्का भावाला पाने नि हातोडे द्यायला हाताशी असायच्या, वेल्डिंगची ठिणगी डोळ्यांत जाऊन दोनदा डोळे सुजवून घेतले होते. त्या पुरात अख्खं गाव पाण्याखाली गेलं. त्यांच्या म्हाताऱ्या आईला नावेतून काढून एका शाळेत ठेवलं होतं. भावाचा फोन आला की आईला ताप आहे, श्वास लागलाय, तुझं नाव घेते, गाडी घेऊन ये, हिला कोल्हापूरच्या दवाखान्यात नेऊ. रस्ता तोवर शाळेपर्यंत चालू होता.

त्या दिवशी अंगणात काय झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. हौसाक्का हात जोडून उभ्या होत्या. नाना गाडीवर प्लॅस्टिकचा दुसरा कागद बांधत होते.

"आवं, आई जाईल माझी."

"रस्त्याला चिखल हाय. पाणी वसरू दे, मग जाऊ की."

"तुमी नुसतं सोडा मला. लांबनंच माघारी फिरा."

"इंजनात पाणी गेलं तर तुझा भाऊ देणार हाय व्हय नवी?"

हौसाक्का एसटीनं निघाल्या. एसटी अर्ध्या वाटेत थांबली. पुढे कुणाच्या ट्रॅक्टरवर, पुढे गुडघाभर पाण्यातून चालत. पोचल्या तेव्हा आईला शाळेच्या फरशीवर चादर पांघरून ठेवलं होतं. तोंडावरूनसुद्धा.

परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बांगड्या काढल्या आणि गाडी पुसली. मला वाटलं, बाई दगड आहे. दगड नव्हती. वाट बघत होती.

पुढचा पावसाळा यायच्या आत नानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले, सगळं कळतंय त्यांना, फक्त बोलता येत नाही. हौसाक्कांनी दोनदा विचारून घेतलं, "सगळं कळतंय न्हवं? नक्की?" डॉक्टरांना वाटलं, बिचारी काळजीनं विचारते आहे.

दवाखान्यातून घरी आणलं त्या आठवड्यात त्यांनी नानांची खाट आतल्या खोलीतून काढून अंगणाकडच्या खिडकीशी लावून घेतली. उशाला दोन उशा, म्हणजे मान वर राहील. मग उद्यमनगरातून दस्तगीर मिस्त्रीला बोलावलं. दस्तगीर त्यांच्या भावाच्या गॅरेजात शिकून तयार झालेला, त्यांना सख्ख्या बहिणीसारखं मानणारा. हौसाक्कांनी त्याला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातली पांढऱ्या मिशांची म्हातारी माणसं घरच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांची छपरं कापून बुटकी करतात, इंजिन उघडं ठेवतात, मागे मोठी चाकं लावतात, सायलेन्सर काढून टाकतात.

"हॉट रॉड म्हणत्यात ह्याला," हौसाक्का म्हणाल्या. "मला अशी पायजे."

दस्तगीरनं गाडीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. "आक्का, गाडी नव्यासारखी हाय की. इकायची तर गिऱ्हाईक आणतो."

"इकायची न्हाई. कापायची."

पहिला काप छपराचा. दस्तगीर कटर घेऊन पुढे झाला, तर त्यांनी त्याला मागे सारलं. "पहिल्यांदा मी." कटर बाजूला ठेवून हाताची करवत घेतली. कटरनं काम झटकन झालं असतं. खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बघा की आवं." आयुष्यभर त्यांनी नवऱ्याला अहो-जाहोच केलं. गाडी कापतानाही केलं. मग करवत ओढली. पत्र्याचा तो आवाज दातांत शिरायचा. नानांचा डावा हात खिडकीच्या गजावर आपटत होता आणि तोंडातून ओ-ओ असा आवाज येत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हौसाक्का आत गेल्या, पदरानं त्यांचे डोळे पुसले, चमच्यानं पाणी पाजलं, तोंड पुसलं आणि परत येऊन करवत हातात घेतली.

पुण्याहून त्यांची लेक सुषमा आली. आईचे काळे झालेले हात आणि अंगणात पडलेलं छप्पर बघून ओरडायला लागली. "अगं आई, बाबा रडतात! तुला काही वाटतं की नाही?"

"वाटतंय की. म्हणून तर करतीया."

"लोक काय म्हणतील?"

"तुझी आज्जी शाळंच्या फरशीवर गेली तवा लोक काय म्हणले? मला तरी कायबी ऐकू आलं न्हाई."

सुषमा संध्याकाळच्या गाडीनंच परत गेली. बापाला घेऊन मात्र गेली नाही.

एक गोष्ट सांगायला हवी. नानांची सेवा त्यांच्याइतकी कुणी केली नसती. रोज अंग पुसणं, कूस बदलणं, पावडर लावणं, मऊ भात, ताजं ताक. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगावर एक जखम नव्हती. तपासायला येणारे डॉक्टर हात जोडायचे. हौसाक्का म्हणायच्या, "जगाय पायजेत की ते." डॉक्टर भारावून जायचे. मी पदर तोंडाला लावून आत निघून जायचे.

काम सहा-सात महिने चाललं. छप्पर वीतभर खाली आलं. मागची सीट निघाली, तिच्यावरचा टॉवेल हौसाक्कांनी फरशी पुसायला घेतला. बोनेट भंगारात गेलं. अपघातात चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन दस्तगीरनं आणून बसवलं. ते छोट्या गाडीच्या नाकाबाहेर आल्यासारखं दिसायचं. दोन्ही बाजूंनी धुराच्या नळ्या बाहेर काढल्या. ट्रकवर चित्रं काढणाऱ्या पेंटरनं बदामी रंगावर काळा रंग मारला आणि त्यावर केशरी ज्वाळा काढल्या. त्या दिवशी हौसाक्कांनी नानांना कुशीवर वळवून धरलं, नीट दिसावं म्हणून.

आणि मग इंजिन चालू करायचा दिवस आला. गल्ली जमली. तालमीतली पोरं भिंतीवर चढून बसली. हौसाक्का चालकाच्या जागेवर बसल्या, किल्ली फिरवली. असा आवाज झाला, की कौलांवरची कबुतरं उडाली आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. हौसाक्कांनी खिडकीकडे बघितलं.

नाना हसत होते.

अर्धं तोंड जागचं हलत नव्हतं, पण उरलेलं अर्धं हसत होतं. डावा हात हवेत गोल फिरत होता, स्टिअरिंग फिरवल्यासारखा. गाडी त्यांना आवडली होती. जुनीपेक्षा जास्त आवडली असावी.

हौसाक्कांनी इंजिन बंद केलं. उतरून पायरीवर बसल्या. मी जवळ गेले. "बघ की गं," त्या म्हणाल्या. "हेबी घेतलं माझ्याकडनं."

मला वाटलं, संपलं आता. बाई दमली. पण नाना हातानं खुणा करायला लागले. गाडीकडे बोट, मग स्वतःच्या छातीकडे. गाडीकडे, छातीकडे. मला बसव. हौसाक्का ते बघत राहिल्या. हळूहळू त्यांचा चेहरा निवळला. भूक लागलेल्या माणसाला ताट दिसावं तसा.

"तुमाला यायचंय व्हय?" त्या गोड आवाजात म्हणाल्या. "रस्त्याला चिखल हाय. वसरू दे."

त्या दिवशी ऊन कडक होतं.

दस्तगीरनं त्यांना गाडी चालवायला शिकवलं. मग रोज संध्याकाळी त्या नटायच्या, नानांसमोर वेणी घालायच्या आणि गाडी काढून रंकाळ्याला एक फेरी मारायच्या. निघताना इंजिन मुद्दाम खिडकीशी गुरगुरवायच्या. नाना डावा हात पसरायचे, लहान मूल पसरतं तसा. एकदा रंकाळ्यावर हवालदारानं अडवलं.

"आज्जी, हे काय हाय?"

"मालकांची गाडी हाय."

"आन् मालक कुठं हाईत?"

"घरात. त्यांला यायचं न्हाई." हे त्यांनीच मला हसत सांगितलं. हवालदारानं दम देऊन सोडलं.

मी एकदा न राहवून म्हणाले, "आक्का, एकदा न्या की त्यांना. गल्लीच्या तोंडापर्यंत." त्या म्हणाल्या, "माझ्या आईला कुणी नेलं गं, गल्लीच्या तोंडापर्यंत?"

एका संध्याकाळी त्या फेरी मारून आल्या आणि किंचाळल्या. मी धावत गेले. नाना उंबऱ्याशी पालथे पडले होते. अर्ध्या अंगानं खाटेवरून उतरून, कोपरावर सरपटत तिथवर आले होते. कोपर सोलून निघालं होतं. डोक्यावर टोपी होती. खुंटीवरची टोपी त्यांनी कशी काढली असेल, देव जाणे. बाहेर जायचं म्हणून घातली होती.

आम्ही दोघींनी उचलून त्यांना खाटेवर ठेवलं. हौसाक्कांनी हळद लावली, कोपर बांधलं. बांधताना गाठ काही बसेना.

त्यानंतर नानांनी खिडकीकडे बघणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडायचे. हौसाक्का इंजिन चालू करायच्या, तरी मान वळायची नाही. त्यांनी खाट फिरवून ठेवली, तर नानांनी डोळे मिटून घेतले. तेवढीच एक गोष्ट त्यांच्या हातात उरली होती, आणि ती त्यांनी सोडली नाही.

आठवडाभरानं हौसाक्कांनी मला हाक मारली. गाडीचं पुढचं दार उघडं होतं. सीटवर उशी लावली होती. दस्तगीरला उचलायला बोलावलं होतं. हौसाक्का खाटेशी वाकल्या.

"आवं, चला. फिरून येऊ. म्होरं बसा."

नानांनी डोळे उघडले नाहीत.

"चला की. रागावू नगा. दस्तगीर आलाय बघा."

त्यांनी हात नानांच्या हाताखाली घातला. नानांनी आपला डावा हात काढून घेतला आणि स्वतःच्या छातीशी घट्ट धरला. हौसाक्का सरळ झाल्या, त्यांचं पांघरूण नीट केलं. मग दस्तगीरला म्हणाल्या, "जा तू. ह्यांला झोप आलीया."

नाना त्या महिन्यातच गेले. कुणाकडे न बघता गेले. दिवस झाल्यावर हौसाक्कांनी गाडीची किल्ली दस्तगीरच्या हातावर ठेवली. गाडी नेण्याआधी एक फेरी मारा म्हणून तो त्यांना विनवत होता. त्या दारातून आत वळल्या, त्या गाडी गल्लीबाहेर गेली तरी आल्या नाहीत. पुढे सुषमा त्यांना पुण्याला घेऊन गेली.

तिथून त्यांचे फोन यायचे. पाणी आलं का, गॅस संपला का, पेठेतली फुटबॉलची टीम जिंकली का, असं काहीबाही बोलायच्या आणि शेवटी तिथेच यायच्या. "मी चला म्हणलं हुतं. ह्यांनीच डोळं मिटलं. माझं काय चुकलं?" आधीचं सगळं त्या कधीच सांगायच्या नाहीत. करवत नाही, रंकाळा नाही, टोपी नाही. गोष्ट तिथूनच सुरू व्हायची आणि तिथेच संपायची.

शेवटचा फोन आला तेव्हा आवाज ओळखू येत नव्हता. मागे सुषमा कुणाशी तरी औषधांबद्दल बोलत होती. हौसाक्का म्हणाल्या, "विजू, ही सुषमा मानत न्हाई गं. तू हुतीस न्हवं तिथं? सांग हिला. मी बोलावलं हुतं का न्हाई त्यांला?"

"बोलावलं होतंत, आक्का," मी म्हणाले. "म्होरं बसा म्हणाला होतात. मी होते तिथं."

"बघ," त्या पलीकडे लेकीला म्हणाल्या. "बघ की."