काकूंची धुरी

सिडकोत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकू कुत्र्याचं नाक स्वतःच्या पदरानं पुसायच्या आणि त्याच पदरानं कप पुसून मला चहा द्यायच्या. शी! ते कुत्रं म्हणजे बसक्या नाकाचं, पग जातीचं एक ध्यान. नाव लाडू. एरवीही नाकातून सारखी फुरफुर, आणि थंडी पडली की सोफाभर शेंबूड. मी तोंड वाकडं केलं की काकू म्हणायच्या, "लेकराच्या शेंबडाची कुठं किळस येती व्हय?"

लेकरू म्हणे! काका गेल्यावर पुण्याच्या मुलानं आईला सोबत म्हणून हे पिल्लू आणून दिलं आणि स्वतः परत गेला. काकूंनी त्याला तान्ह्या बाळासारखं वाढवलं. टाळूवर तेल काय, गळ्यात ओव्याची पुरचुंडी काय! एकदा मी गरम भजी घेऊन गेले, तर हे महाशय थेट ताटलीवरच शिंकले. काकूंनी वरचंच भजं उचलून तोंडात टाकलं. "लई कुरकुरीत झालीत गं," म्हणाल्या. मी त्या दिवशी जेवले नाही.

पण सगळ्यात वाईट ती धुरी. काकूंचं माहेर सिल्लोडकडचं. बाळंतिणीच्या खोलीत बाळाला देतात तशी धुरी त्या लाडूला रोज तिन्हीसांजेला द्यायच्या. शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि लसणाच्या साली, आणि लाडूला दोन्ही हातांवर धरून त्या धुरावर. तो बिचारा शिंकून शिंकून बेजार व्हायचा, डोळे लाल, नाकातोंडातून धारा. काकू खूश. "बघ, सर्दी कशी मोकळी होऊन राहिली!" तो जास्त शिंकला की आणखी मूठभर ओवा.

शेवटी मीच दोघांना रिक्षात घालून औरंगपुऱ्यात जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, "सर्दी नाही, अ‍ॅलर्जी आहे. हवा बदलली की होते, धुरानं वाढते. आधी धूर बंद करा." परतताना काकू फणफणल्या, "कालचं पोरगं ते, त्याला काय कळतंय? माझा लेक धुरीवरच वाढला." माझं डोकं फिरलं. भर रिक्षात ओरडले, "काकू, जीव घ्याल एक दिवस त्याचा!" अडाणीपणाचीही किळस येते माणसाला. काकूंनी तोंड फिरवलं, आणि संध्याकाळी पुन्हा ओव्याचा वास आमच्या स्वयंपाकघरात.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. एका संध्याकाळी काकूंची हाक आली. धावत गेले तर दारं-खिडक्या बंद, खोलीत धूर कोंडलेला, आणि लाडू फरशीवर आडवा. जीभ निळी पडलेली, छाती भात्यासारखी हलत होती. त्याला उचललं. माझ्या ड्रेसवर फेस, लाळ, काय काय सांडलं. दवाखान्याच्या पायरीवर पोचेपर्यंत तो हातातच थंडावला.

काकू रडल्या नाहीत. बाकावर बसून पदरानं त्याचं तोंड स्वच्छ करत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "धुरीनं झालं का गं?"

तोंडावर बोलायची माझी ख्याती. खोटं बोलणाऱ्यांचा मला मनस्वी तिटकारा. मी म्हणाले, "नाही हो काकू. वय झालं होतं त्याचं."

लाडू चार वर्षांचा होता.

काकूंनी मान हलवली. "व्हय," म्हणाल्या. "वयच झालं होतं."