नव्वदवरचं पाणी

वॉशिंग मशीन लावलं की मी मोठ्याने आकडा सांगते. स्वयंपाकघरातूनच, भाजी चिरता चिरता. ऐकायला ड्राय बाल्कनीत कोणी नसतं. नवरा आधी दचकायचा, आता फक्त टीव्हीचा आवाज थोडा वाढवतो. मला त्याचा राग येतो, पण त्याच्या जागी मी असते तर दुसरं काय केलं असतं?

आकडा विचारायचे ते माझे सासरे. मूळचे तळवलीचे. शेती गेल्यावर तुर्भ्याला कापड रंगवायच्या एका कारखान्यात लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले. टाकीच्या पत्र्याला तळवा लावून आतलं पाणी किती तापलंय ते सांगायचे. थर्मामीटर नंतर बघायचा, तो बाबांशी जुळतो का ते तपासायला. घणसोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये पुढून काचेचं दार असलेलं मशीन आलं, तेव्हा त्यांनी आधी त्याची टर उडवली. "एवऱ्याशा पान्यान कपरं भिजतान तरी काय गो?" मग प्लॅस्टिकचं स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले ते बसलेच.

मोतीबिंदूमुळे बटणावरचे बारीक आकडे त्यांना दिसत नसत. ते विचारायचे, "पानी किती ठेवलंस?" मी सांगायचे, चाळीस डिग्री. मग काचेवर तळवा टेकवून, डोळे मिटून थोडा वेळ थांबायचे आणि म्हणायचे, "चालीस. बराबर." परीक्षेत पास झाल्यासारखं मला बरं वाटायचं, हे कबूल करते.

शेवटच्या वर्षी त्यांना अंथरुणात लघवी होऊ लागली. मी त्यांच्या चादरी आणि लुंग्या वेगळ्या काढल्या आणि मशीन नव्वदवर लावलं. जंतू मरतात, असं सगळ्यांना सांगितलं. जंतू साठवरही मेले असते. मला किळस येत होती आणि ती उकळून काढायची होती, एवढंच खरं.

बाबांनी काचेला हात लावला. "आगो, नव्वद हाय ना? नव्वद कोऱ्या कापराला देतान, खळ काढाला. घरातल्या कापराला कोनी देत नाय."

त्यांनी एवढंच म्हटलं, पण 'घरातल्या' या शब्दावर माझं डोकं सणकलं. चोरी पकडली गेली की मला आधी राग येतो. मी म्हटलं, "चाळीसच आहे, बाबा. तुमचा हात आता म्हातारा झालाय."

त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला. "आसंल," म्हणाले.

त्यानंतर आठवड्यातून तीनदा तेच. त्यांनी विचारायचं, मी नव्वदवर लावून चाळीस सांगायचं, त्यांनी काचेवर हात टेकवून "चालीस, बराबर" म्हणायचं. फक्त आता ते हात लगेच काढून काखेत धरायचे. थंडी वाजत असेल, असं मला वाटलं. मे महिन्यातही तसंच वाटलं.

ते गेले. त्यांचं अंथरूण-पांघरूण टाकून दिलं होतं. तेरावं झाल्यावर घरातल्या बाकीच्या चादरी, अभ्रे, पडदे मी धुवायला काढले. सुतकाचे कपडे म्हणजे कडकडीत पाणी हवं, म्हणून नव्वद. दुपार होती, घरात मी एकटी. पाणी भरायचा आवाज सुरू झाला आणि मागून अगदी रोजच्यासारखं कोणीतरी विचारलं, पानी किती ठेवलंस?

"चाळीस," मी म्हटलं आणि वळले. स्टूल रिकामं होतं. मी घाबरले, खोटं कशाला बोलू. आवाजापेक्षाही माझ्या तोंडात ते उत्तर किती तयार होतं, याची जास्त भीती वाटली.

उन्हात काचेवर त्यांच्या तळव्याचा खोबरेल तेलाचा डाग दिसत होता, पाचही बोटं. इतक्या दिवसांत काच कोणी पुसली नव्हती. मी स्टुलावर बसले आणि त्या डागावर माझा हात ठेवला. त्या काचेला मी कधी हातच लावला नव्हता. कपडे कोंबायचे, दार लावायचं आणि निघून जायचं. सुरुवातीला काच कोमट लागली. मग गरम. मग मी हात झटकन ओढला आणि काही कळायच्या आत काखेत दाबून धरला.

मशीन थांबेपर्यंत मी तशीच बसून होते. त्यांना कळत होतं, आणि माझी लाज राखायला ते चाळीस म्हणत होते? की मी म्हटलं म्हणून, तळवा भाजत असतानाही, त्यांनी स्वतःच्या हातावरचा विश्वास सोडला? पहिलं असेल तर मला तोंड दाखवायला जागा नाही. दुसरं असेल तर जन्मभर मिरवलेली त्यांची एकच गोष्ट मी काढून घेतली. आता विचारायचं कोणाला?

हल्ली आमचं सगळं चाळीसवर निघतं, पडदेसुद्धा. तो डाग मी पुसत नाही. पाणी भरू लागलं की प्रश्न येतो, न चुकता येतो, आणि मी स्वयंपाकघरातून खरं उत्तर देते.

"नव्वद, बाबा. नव्वद होतं."

मग सुरी हातात धरून वाट बघते. "बराबर" असं कोणी म्हणत नाही.