ती एकटीच आली होती
२००५ साली मी नवऱ्याबरोबर अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती आणि गाडी चालवायची मला भीती वाटायची. त्याच अपार्टमेंटमध्ये एक नागपूरची मुलगी राहायची, आयटीत होती. एकदा लाँड्रीरूममध्ये ती म्हणाली, "दिवसभर घरात काय करतेस? चल, पळायला चल." तिथं झालेली माझी ती पहिली मैत्रीण.

सुरुवातीला तळ्याभोवती, मग टेकड्यांवरच्या पायवाटांवर. उतारावर टाच कशी टेकवायची, पायात मुळं आली की नजर कुठं ठेवायची, सगळं तिनं शिकवलं. दीड वर्षानंतर आम्ही ठरवलं, न्यू हॅम्पशरच्या डोंगरातल्या एका हटपर्यंत, म्हणजे डोंगर चढणाऱ्यांच्या मुक्कामाच्या घरापर्यंत, पळत जायचं. जंगलातून सात मैल चढ. वर लाकडी बंकबेड, गरम जेवण, दुसऱ्या दिवशी परत. तिला ते अंतर तीन तासांच्या आत कापायचं होतं. मला फक्त पोचायचं होतं.

ओझं आम्ही वाटून घेतलं. पाणी माझ्या पिशवीत, जॅकेटं आणि खाणं तिच्या.

चार मैल छान गेले. बर्चची पांढरी झाडं संपून काळपट स्प्रूस लागले, खाली ओला खडक. तिथंच एका मुळावरून माझा पाय सटकला. घोट्यात काहीतरी कचकन झालं आणि मी खाली बसले.

तिनं घोटा चाचपला, मग घड्याळाकडे पाहिलं. ते मी पाहिलं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

"हलू नकोस," ती म्हणाली. "फोनला रेंज नाहीये. मी हटवर जाऊन माणसं घेऊन येते. दोन तास धर."

ती वळणाआड गेली आणि मग मला जॅकेट आठवलं. हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

दोन तास झाले, मग अडीच. घाम अंगावरच गार झाला, दात वाजायला लागले. मनात तिचीच काळजी. पडली असेल का? वाट चुकली असेल का? शेवटी एक फांदी मोडून घेतली आणि एका पायावर भार देत निघाले. काही ठिकाणी बसून, ढुंगणावर सरकत चढले. अंधार पडायच्या थोडं आधी हटचं छप्पर दिसलं.

दारात हटवर काम करणारी एक कॉलेजची मुलगी होती. मला पाहून ती धावत आली. मी विचारलं, "माझी मैत्रीण पोचली का? ती तुम्हाला न्यायला येणार होती."

ती गोंधळली. "एक इंडियन बाई आल्यात. पण त्या म्हणाल्या, मैत्रीण खालूनच परत फिरली."

दाराशी, येणाऱ्यांच्या नोंदीची वही उघडीच होती. मैत्रिणीचं अक्षर मला माहीत होतं. माणसं, एक. त्यापुढे पोचायला लागलेला वेळ, दोन तास बावन्न मिनिटं.

ती आत लांब टेबलापाशी सूप पीत होती. मला पाहून उठली, पण जवळ आली नाही.

"मला वाटलं, तू हळूहळू खाली उतरशील," ती म्हणाली. "आणि यार, सांगितलं असतं तर त्यांनी मलाच परत खाली नेलं असतं वाट दाखवायला."

मला रडू आलं नाही. मी जॅकेट मागितलं. तिनं दिलं.

दुसऱ्या दिवशी हटवरच्या दोन मुलांनी मला धरून खाली उतरवलं. सहा तास तिच्याच गाडीत बसून घरी आले. तिनं गाणी लावली होती. नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, "पाय मुरगळला." खरं सांगितलं असतं तर त्यानं तिला घरात येऊ दिलं नसतं, आणि तिच्याशिवाय मला तिथं कोणीच नव्हतं. याची लाज मला तिच्या वागण्याइतकीच वाटत राहिली. ती डबा घेऊन यायची. "रागावलीस का गं?" म्हणायची. मी "नाही" म्हणायचे आणि तिनं आणलेली बटाट्याची भाजी खायचे.

घोटा बरा झाल्यावर मी एकटीच पळायला लागले. गाडीही शिकले. पुढच्या वर्षी नवऱ्याला मिशिगनला नोकरी मिळाली आणि आम्ही तिथल्या नोव्हाय गावी गेलो. तिला दुसऱ्यांकडून कळलं. फोन आला, आवाज दुखावलेला. "निघून गेलीस आणि मला सांगितलंही नाहीस?"

"राहून गेलं," मी म्हटलं.