चौथं कडवं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी भुताचा व्हिडिओ टाकला की पहिली टर मीच उडवते. तशी मी अजूनही आहे... पण गेल्या मे महिन्यातलं हे मला पचलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

ठाण्यात घोडबंदर रोडला, टॉवर्सच्या मागे आमचं जुनं ख्रिस्ती गाव आहे. माझ्या डॅडींनी मरियामातेचं एक गीत रचलं – वसईपासून कल्याणपर्यंत लग्नाला, मयताला, सगळीकडे ते गातात. मला लहानपणी टायफॉइड झालेला, तेव्हा माझ्या उशाशी बसून केलं, असं डॅडी सांगायचे. पुढे फादरही तेच सांगू लागले. त्यामुळे गावात ते ‘सिल्वीचं गाणं’. डॅडी जाऊन बरीच वर्षं झाली, पण गाणं सुरू झालं की माझी मान आपोआप ताठ व्हायची. त्यांचं माझ्याकडे उरलेलं तेवढंच होतं.

मे महिन्यात आम्ही गावच्या क्रुसाला हार घालतो. संध्याकाळी तिथे प्रार्थना होते, मग उकडलेले चणे वाटतात. त्या दिवशी डोंबिवलीहून गायकांचा एक ग्रुप आलेला. गीत नेहमीसारखं मीच पुढे उभी राहून सांगत होते, बाकीचे माझ्यामागून म्हणत होते. तीन कडवी संपली, सगळे थांबले – मी थांबले नाही. आयुष्यात कधी न ऐकलेलं चौथं कडवं माझ्या तोंडून निघालं.

मोठागावच्या खाडीकाठी रीटा निजते एकटी,
मी नसताना, माउली, तू बैस तिच्या उशाशी.

मी पूर्ण शुद्धीत होते. आपण काय गातोय ते कळत होतं, तोंड मात्र आवरत नव्हतं. डोंबिवलीच्या ग्रुपमधली माझ्याच वयाची एक बाई गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आली. माझा हात धरून तिने विचारलं, “हे तुम्हाला कुणी शिकवलं? बाबा फक्त मला झोपवताना म्हणायचे.”

तिचं नाव रीटा, लहानपणापासून राहायला डोंबिवलीच्या मोठागावात. बाबांचं नाव सांगितलं, ते माझ्या डॅडींचं. डॅडी डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत होते आणि त्यांना नाइट शिफ्ट फार असायची... आम्ही तरी तसंच समजत होतो.

मी मम्मीकडे गेले. ती चणे वाटत होती, वर बघितलंसुद्धा नाही.

“पयलं तिचंच होतं गानं,” ती म्हणाली. “तुझी बिमारी मागून आली.”

चौथं कडवं मात्र तिनेही त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकलेलं.

असा संताप आला! मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि जिवंत आई आयुष्यभर मूग गिळून बसलेली. गावासमोर मी ज्याचा तोरा मिरवला, ते मला उष्टं मिळालं होतं.

नवरा म्हणतो, लहानपणी कानावर पडलं असेल. पण कुठे? वरच्या ओळीसुद्धा कुणाच्या तरी मोबाइलच्या रेकॉर्डिंगवरून उतरवल्यात, गाताना कळत होतं तरी नंतर मला स्वतःला त्यातला एक शब्द आठवत नाही.

उत्तर अजून सापडलेलं नाही. हल्ली चर्चमध्ये ते गीत सुरू झालं की मी ओठ घट्ट मिटून उभी राहते. भुताची भीती नाही मला... पण पाचवं कडवं निघालं, आणि त्यात आणखी कुणाचं नाव असलं तर?