फक्त वाचण्यापुरतं

श्यामलाबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि आठवणी लिहायला बसल्या. घरातले दोन्ही कॉम्प्युटर नेटवर्कने जोडलेले, त्यामुळे बाईंनी सकाळी लिहिलेलं त्यांचे यजमान अनंतराव दुपारी आतल्या खोलीत बसून खुशाल खोडायचे. सासूबाईंनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवलं नाही, हे वाक्य तर तीनदा गायब झालं. आईची अब्रू जाते म्हणे!

चौथ्यांदा लिहायची वेळ आली तेव्हा बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी सेटिंग शोधून काढलं, नवऱ्यासाठी फोल्डर फक्त वाचण्यापुरता ठेवला, ते वाक्य परत लिहिलं आणि रागाच्या भरात पुढे बारा पानं लिहून काढली.

"अगं, इथलं काही खोडता येत नाहीये!" आतून आरोळी आली.

"नाहीच येणार. चाळीस वर्षं ऐकून घेतलंय मी. आता निमूट वाचा. पान सातपासून आपणच आहात."