विहिणीचं हॅम, माझ्या हातचं

खरं सांगायचं तर त्या नाताळात माझ्यात कसलीच ताकद उरली नव्हती. डिसेंबरभर गुडघे छळत होते, कामवाली बाई गावाला गेली ती तिकडचीच झाली होती, आणि मुलगा ऑफिसातून यायचा तो जेवून थेट आडवा व्हायचा. तरी मी तीन किलोचं हॅम घरात आणलं. कोणी सांगितलं नव्हतं, माझी मीच ओढवून घेतलेली कटकट.

आम्ही मालवणी, अंधेरीत एमआयडीसीच्या मागे राहणारे. सून मरोळ गावठाणातली ख्रिश्चन. तिची आई, म्हणजे माझी विहीण, एप्रिलमध्ये गेली. आठ दिवसांचं आजारपण आणि संपलं. मातीच्या दिवशी सून आल्या-गेल्याला चहा देत फिरत होती. रडली नाही. मला वाटलं, रडेल नंतर. नंतरही नाही. पवईला ऑफिसला जायची, यायची, पोळ्या लाटायची, आणि मी काहीही बोलले तरी एकच उत्तर, "चालेल, आई."

आता ज्यांना आमचं घर माहीत नाही त्यांना यात काय वाईट ते कळायचं नाही. ही पोरगी माझ्याशी आठ वर्षं भांडत आलेली. कुकरच्या शिट्ट्यांवरून, एसीवरून, फ्रिजमध्ये मासे कुठे ठेवायचे त्यावरून. "आई, तुमचं ना काहीतरीच असतं!" हे मी दिवसातून चारदा ऐकायची आणि चारदा उलट बोलायची. ते सगळं बंद झालं. घरात चालतं-फिरतं माणूस होतं, पण आत कोणी नव्हतं. मला भीती वाटायला लागली. मुलाला म्हटलं तर तो म्हणाला, "वेळ लागतो गं." वेळ लागतो ते मला माहीत आहे रे, मी काय काल जन्मले?

नोव्हेंबर संपता संपता मी तिला विचारलं, नाताळचं काय करायचं? "या वर्षी नको, आई." तिच्या वडिलांना फोन केला, तर तेही तेच. "ताई, या वर्षी आमच्याकडं काय नाय. मी झोपून राहीन." बापलेक दोघं दोन घरांत भिंतीकडे तोंड करून नाताळ काढणार. तेव्हा मी ठरवलं, एवढं एक जेवण तरी या दोघांनी एका टेबलावर बसून जेवलं पाहिजे. हसू दे, रडू दे, काय वाटेल ते करू दे. मी तिला सांगितलं, "डॅडींना आपल्याकडे बोलाव. हॅम मी करते."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"का? मला हात नाहीत?"

"चालेल, आई," ती म्हणाली आणि आत गेली.

तिचं "तुम्ही" बरोबरच होतं म्हणा. आमच्याकडे आठवड्यातले पाच दिवस मासे, रविवारी मटण, पण डुक्कर आमच्यात चालत नाही. विहिणीकडे नाताळाला जेवायला आम्ही दर वर्षी जायचो. ती माझ्यासाठी वेगळा कोळंबीचा पुलाव करायची. मी तो आवडीने खायची. हॅम मी कधी घेतलं नाही, आणि कोणी आग्रहही केला नाही. मला वाटायचं, किती समजूतदार माणसं आहेत.

हॅम-सॉसेज विकणाऱ्या कोल्ड स्टोरेजवाल्याने पिशवी हातात देताना सांगितलं, "आंटी, रात्रभर पाण्यात ठेवा. दोनदा पाणी बदला." मी हो हो म्हटलं आणि रिक्षात बसल्यावर त्याला मनातल्या मनात वेड्यात काढलं. मटण कधी कोणी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतं का? चव सगळी मोरीत जायची. चाळीस वर्षं मटण करतेय, हा काल मिसरूड फुटलेला मला शिकवणार!

घरी आल्यावर आधी देव्हाऱ्याचा पडदा ओढला. नवीन घेतलेल्या ट्रेमध्ये ते धूड काढलं. पहिल्यांदा हात लावला तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? पण एकदा हात लागला की हाताला कुठे कळतं मांस कुणाचं आहे ते. मटण घरात आलं की त्याला मीठ-हळद लावायची, आलं-लसूण चोळायचं आणि झाकून ठेवायचं, हे मला कोणी अर्ध्या झोपेतून उठवून सांगितलं तरी करेन. तेच केलं. मोठा तुकडा म्हणून मीठ मूठभर जास्तच घातलं आणि सुरीने टोचून आतपर्यंत चोळलं. मग फ्रिजचे दोन कप्पे काढून त्याला आत बसवलं. दही, दूध, कालची आमटी सगळं बाहेर ओट्यावर.

नाताळाच्या सकाळी सून वडिलांना घेऊन चर्चला गेली. वडिलांसाठी गेली, स्वतःसाठी नाही. मी मोबाईलवर व्हिडिओ लावला. हळद धुऊन काढली, तरी पिवळट राहिलंच ते. वरच्या चरबीवर शंकरपाळ्यांसारखे काप दिले, प्रत्येक कापात एक लवंग खोचली. शंभर तरी असतील, बोटं दुखायला लागली. वरून लावायच्या पाकाला व्हिडिओतली बाई ब्राऊन शुगर सांगत होती, मी गूळ घेतला. गूळ, अननसाचा रस, वाटलेली मोहरी. आमचा ओव्हन केकपुरता. हॅम वरच्या सळईला टेकायला लागलं, म्हणून खालून एक जाड चकती कापून काढावी लागली. मग दर पंधरा मिनिटांनी वाका, दार उघडा, पाक लावा, उठा. साडेतीन तास. कंबरडं मोडलं. शेवटी शेवटी स्टूल ओढून ओव्हनसमोरच बसून राहिले, डोळे मिटत होते.

पण रंग काय आला होता! वास गोड, खमंग. मला वाटलं, जमलं बाई. घरातला प्रत्येक रस्सा मी तळहातावर थेंब घेऊन चाखते, चाखल्याशिवाय गॅस बंद करत नाही. हे चाखलं नाही.

दोन वाजता बसलो. व्याही कोट घालून आले होते, कॉलर मानेभोवती सैल झालेली. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली, मध्येच थांबले, खाकरले, पुन्हा म्हटली. मग सुरी घेऊन पातळ काप काढले. स्वतः पहिला घास घेतला. बराच वेळ चावत राहिले. ग्लासभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "छान झालंय, ताई."

मुलाने घास घेतला आणि माझ्याकडे बघून लगेच पावात तोंड घातलं. सुनेने घास घेतला आणि काटा खाली ठेवला.

"आई, तुम्ही याला मीठ लावलंत?"

"लावलं की. मीठ-हळद."

"भिजवलं नाहीत?"

"मटण भिजवतात का गं?"

"ते मटण नाही! मिठातच मुरवलेलं असतं ते. म्हणून तर भिजवायचं. मम्मी दोन दोन दिवस भिजवायची. मला विचारायचं ना! घरातच होते ना मी!" आवाज चढला होता. व्याही म्हणाले, "बाय, जाऊ दे." पण ती थांबेना. "नाही डॅडी, सांगू दे. आई, मम्मी दर वर्षी पहिला काप तुमच्यासाठी काढून ठेवायची. माहितेय तुम्हाला? बशीत, झाकून. म्हणायची, या वर्षी त्या घेतील. विचारायची नाही, तुम्हाला अवघड वाटेल म्हणून. तुम्ही गेलात की तो थंड काप ती किचनमध्ये उभ्याने खाऊन टाकायची. आठ वर्षं! आणि आता ती नाही तर तुम्ही हॅम करताय!"

आणि ती रडली. टेबलावर डोकं टेकून, मोठ्याने, लहान मुलासारखी. व्याह्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांनाही रडू फुटलं. मला हेच हवं होतं ना? हवं होतं. पण ते असं, माझ्याच अंगावर येईल हे कुठे माहीत होतं. मी समजूतदार माणसं म्हणत राहिले, आणि ती बाई आठ वर्षं माझी वाट बघत होती. मला लाज वाटली. साठी उलटल्यावर इतकी लाज वाटू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

मी ताटातून एक काप घेतला. खारट म्हणजे किती खारट, जीभ सोलवटून निघाली. चावला, गिळला.

"तिचं कसं लागायचं गं?" मी विचारलं.

सुनेने डोकं वर केलं. नाक लाल, डोळे सुजलेले. कितीतरी महिन्यांनी तिने माझ्याकडे सरळ, रागाने पाहिलं.

"आता विचारताय?" ती म्हणाली.