आलेखाला लावलेली हळद

चहाला उकळी येईपर्यंत माझं एक शहाणपण ऐकून घ्या. हसायचं तेवढं हसा, फक्त आमच्या मयूरीसमोर हा विषय काढू नका. तिला अजून पिवळा रंग बघवत नाही.

मयूरी म्हणजे माझी लेक. शेतीशास्त्रात एम.एस्सी. करत होती. हरभऱ्याच्या रानात उसाचं पाचट अंथरलं तर जमिनीतली ओल किती दिवस टिकते, हा तिचा अभ्यास. आम्ही ढोकीजवळचे, आम्हाला पाचटाचा काय तोटा? दोन वर्षं पोरीनं रानात बसून माती मोजली. आता धाराशिवला कॉलेजात, बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढं ते सगळं पडद्यावर दाखवायचं होतं. पास झाली तर पुढं पीएच.डी.; त्या अर्जाची मुदत त्याच आठवड्यात संपणार. अडकली तर तिच्या आत्याबाईंनी एक स्थळ हेरून ठेवलेलंच होतं. मुलाबद्दल त्या फारसं बोलत नसत, त्याच्या दोन ट्रॅक्टरांबद्दल मात्र भरभरून सांगत.

मी आपली तुळजापूरच्या आईला खण-नारळ बोलून बसले. मंगळवार-शुक्रवार माझे असतातच, त्यात पौर्णिमाही धरली.

आदल्या दिवशी दुपारी तिच्या सरांचा फोन आला. आलेखांच्या अक्षांवरची अक्षरं मुंगीएवढी आहेत, मागच्या बाकावरून दिसली पाहिजेत. मयूरीला तर प्रबंध बांधून आणायला कळंबला जायचं होतं. मग तिनं पेनड्राइव्ह लावून मलाच लॅपटॉपसमोर बसवलं. अंकावर दोनदा टिचकी मारायची, चौकट उघडते, अक्षराचा आकार वाढवायचा, ओके म्हणायचं, लगेच सेव्ह करायचं. इथं बदललं की स्लाइडमध्ये आपोआप बदलतं म्हणाली.

"आणि आई, बाकी कशाला हात लावू नको."

हे तिनं चपला घालता घालता सांगितलं. चपला घालताना सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहतं, तुम्हीच सांगा.

घर शांत. अंगणातल्या लिंबाची सावली खिडकीतून येऊन लॅपटॉपवर हलत होती. मी पहिल्या आलेखाचे अंक मोठे केले आणि जरा मागं सरून बघितलं. अहो, काय सुरेख दिसत होतं ते! ओलाव्याची रेघ वरून हळूहळू उतरत गेलेली, जशी तुळजापूरच्या घाटातली वाट उतरते. उभ्या अक्षावरचं नाव भिंतीला टेकून निजलेलं. कुणाला उठवायला नको म्हणून मीसुद्धा टिचकी हलक्या हातानं मारत होते. त्या वाटेनं मयूरी चाललीय, हातात मातीचा डबा, मागं मी, असं काहीबाही मला दिसायला लागलं.

आणि खालचे अंक. एका रांगेत, सारख्या अंतरावर, गप बसलेले. मला वाटलं, हे मी कुठंतरी बघितलंय. कुठं? तर आमच्याच ओसरीवर. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला बायका सतरंजीवर अशाच ओळीनं बसतात. सगळ्या आल्यात, मांडी घालून बसल्यात, आणि घरच्या बाईनं अजून एकीलाही बोट लावलेलं नाही.

बायांनो, असं कुणाला बसवून ठेवून उठता येतं का?

त्यात ते अंक काळेकुट्ट. पोरीचा एवढा मोठा दिवस, आणि कागदावर सगळं काळं. आपण लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यालासुद्धा हळद-कुंकू लावल्याशिवाय ती घराबाहेर काढत नाही. ती आकाराची चौकट होती ना, तिच्या शेजारीच रंगांची चौकट. उघडली तर आत रंगांचं नुसतं ताट मांडलेलं. कुंकवाचा रंग मी सोडून दिला. सर लाल पेनानं चुका काढतात, उगाच शंका नको. पण हळद? हळदीत काय वावगं असणार?

पहिल्या अंकांना लावली. आमच्या लॅपटॉपचा पडदा म्हातारा, राखाडी पडलेला. त्यावर ती हळद अशी खुलली, जसा दसऱ्याचा झेंडू. मग काय, बोटाला सवयच लागली. सगळ्या आलेखांचे आडवे अंक, उभे अंक, अक्षांची नावं, कुणाला म्हणून वगळलं नाही. पेनड्राइव्ह काढून देवापुढं ठेवला.

मयूरी दमून आली. झालं का म्हणाली, झालं म्हटलं. उद्या एकदा बघते म्हणाली, आणि सकाळी एसटीनं असा उशीर केला की आम्ही पोचलो तेव्हा तिचं नाव पुकारत होते.

मला मागच्या बाकावर जागा मिळाली. म्हटलं बरंच झालं, अक्षरं इथून दिसतात का तेही कळेल.

पडदा उजळला. पांढराशुभ्र. त्यावर दोन निळ्या रेघा, आकाशात सोडून दिल्यासारख्या. अंक नाहीत, नाव नाही, काही नाही.

मयूरीच्या तोंडचं पाणी पळालं. सरांनी दिवे बंद करायला लावले. शिपायानं खिडक्यांचे पडदे ओढले. मग कुणीतरी प्रोजेक्टरचा उजेड वाढवला, तशी कुठं पुसट दिसत होती ती हळदही धुऊन गेली. पुढचा आलेख, त्याच्या पुढचा, सगळे तसेच. परीक्षकांमध्ये कुजबुज झाली, आणि पांढऱ्या केसांचे एक परीक्षक घड्याळ बघत म्हणाले की यंत्र बिघडलंय, पुढच्या महिन्यात परत ठेवू.

पुढच्या महिन्यात? माझ्या डोळ्यांपुढं आत्याबाईंचे ट्रॅक्टर उभे राहिले. दोन्ही चालू.

मी उठले.

"सर, यंत्राला बोल लावू नका. त्या अंकांना म्या हळद लावलीय."

मयूरीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं देवळात चप्पल घालून शिरलेल्या माणसाकडं बघतात. त्या परीक्षकांनी चष्मा काढला.

"ताई, कशासाठी?"

"बसून होते बिचारे सगळे," म्हटलं. आता ह्यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

ते हसले नाहीत. ओठ मात्र घट्ट मिटून धरले होते. मग मयूरीला म्हणाले, "बाळ, रेघा तर दिसतायत ना? मग सांग."

आणि सांगितलं की हो तिनं! पेरणी कुठं, फुलोरा कुठं, पाचटाखालची ओल कुठवर टिकली आणि उघड्या रानातली कुठं संपली, रेघेवर काठी ठेवून ठेवून सांगितलं. माती तिनं स्वतः मोजलेली, तिला अंक वाचायची काय गरज? पास केलं पोरीला. अट एकच, अक्षांवरची सगळी अक्षरं काळी करून द्यायची.

निघताना ते परीक्षक माझ्यापाशी थांबले.

"ताई, एक राहिलं विचारायचं. एवढ्यांना हळद लावली, मग रेघा कशा काय सोडल्या?"

"सोडतेय कुठं," म्हटलं. "त्यांनाच लावायला घेतली, तर लाईट गेली. आमचा लॅपटॉप वायरीशिवाय चालत न्हाय."

ह्यावर मात्र ते भिंतीला धरून हसले.

मला हसू येईना. कारण मला आठवलं, त्या दुपारी मी देव्हाऱ्यापुढं बसून पदर पसरला होता. आई, जास्त काही मागत नाही, तेवढ्या रेघा रंगवून होईपर्यंत लाईट येऊ दे. आली नाही म्हणून मी संध्याकाळी रुसून आरतीसुद्धा भरभर उरकली.

तुळजापूरला जाऊन नवस फेडला. खण, नारळ, सगळं केलं. आईपुढं हात जोडले आणि म्हटलं, ह्यापुढंही माझं जरा कमीच ऐकत जा.